भिंत नसलेल्या तुरुंगात पहारा कशावर?

इंग्लंडमध्ये असे काही तुरुंग आहेत, ज्यांच्या फाटकातून रोज सकाळी कैदी बाहेर पडतात. हातात बेड्या नाहीत, सोबत पोलीस नाही, अंगावर कैद्याचे कपडे नाहीत. कोणी बस पकडून गोदामात कामाला जातो, कोणी कॉलेजात गवंडीकाम शिकायला, कोणी धर्मादाय संस्थेच्या दुकानात जुने कपडे विकायला. यांच्यात चोर असतात, दरोडेखोर असतात आणि हो, खुनीही असतात. संध्याकाळी ही सगळी मंडळी आपल्या पायांनी परत येतात, गिनतीला उभी राहतात, जेवतात आणि झोपतात. त्यांना परत कोणी आणलं? कोणीही नाही!

असं चालतंच कसं, हा प्रश्न मनात आला असेल तर तो रास्तच आहे. पण जरा थांबा. याच फाटकातून बाहेरचं एक माणूसही आत जातं आणि माझ्या मते खरी नवलाई तिथे आहे. ती एखादी निवृत्त शिक्षिका असेल, बँकेतून बाहेर पडलेला कारकून असेल, शेजारच्या गावातला दुकानदार असेल. तुरुंग खात्याशी त्यांचा काही संबंध नाही. पगार नाही, प्रवासखर्च तेवढा मिळतो. आणि या माणसाला तिथले तुरुंगाचे नियम म्हणतात: तुरुंगाच्या कुठल्याही भागात, कुठल्याही वेळी जा. वाटेल त्या कैद्याला भेट. हवं तर अधिकाऱ्यांना दिसणार नाही आणि ऐकू येणार नाही अशा जागी बसून त्याच्याशी बोल.

कुठल्याही वेळी म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा. आपल्याकडे सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात डोकवायचं म्हटलं तरी कोणाकोणाच्या सह्या लागतील, याची कल्पना करा!

या नागरिकांच्या गटाचं नाव इंडिपेंडंट मॉनिटरिंग बोर्ड. आपण त्याला देखरेख मंडळ म्हणू. इंग्लंड-वेल्समधल्या प्रत्येक तुरुंगाला असं मंडळ असलंच पाहिजे, अशी तिथल्या १९५२ च्या तुरुंग कायद्याची सक्ती आहे. उंच भिंती, तिहेरी कुलपं आणि अंधारकोठड्या असलेल्या तुरुंगात असे बाहेरचे डोळे हवेत, हे लगेच पटतं. पण जिथे भिंतच नाही, तिथे हे लोक बघतात तरी काय?

त्यासाठी आधी हे भिंत नसलेले तुरुंग आले कुठून ते पाहू. आणि त्या गोष्टीत एक दोरीची शिडी आहे, ती सोडवत नाही.

२२ ऑक्टोबर १९६६. लंडनचा वर्मवुड स्क्रब्ज तुरुंग. सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करणारा जॉर्ज ब्लेक तिथे ४२ वर्षांची शिक्षा भोगत होता. पाचेक वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी बाहेरून भिंतीवर एक दोरीची शिडी पडली आणि ब्लेक पसार झाला. शिडीच्या पायऱ्या कशाच्या होत्या? स्वेटर विणायच्या सुयांच्या! सरकारची अब्रू गेली. चौकशीसाठी बोलावलं गेलं लॉर्ड माउंटबॅटनना. होय, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. त्यांनी दोन महिन्यांत अहवाल दिला आणि सांगितलं की सगळ्या कैद्यांना एकाच मापानं बंदोबस्त लावणं सोडा. जो पळाला तर देशाला धोका, तो पहिल्या वर्गात. आणि जो पळणार नाही असा वाजवी भरवसा ठेवता येतो, तो चौथ्या वर्गात, ज्याला तिथे कॅटेगरी डी म्हणतात. भिंतीवरून पळालेल्या माणसाची चौकशी करता करता, भिंतीची गरजच नसलेल्या माणसांचा वर्ग ठरून गेला.

अर्थात खुल्या तुरुंगाची कल्पना त्याआधीचीच. १९३० साली विल्यम लुएलिन नावाचा एक अधिकारी सुधारशाळेतल्या गुन्हेगार पोरांना घेऊन लंडनजवळच्या फेल्टमहून नॉटिंगहॅमशरमधल्या लोडमपर्यंत चक्क पायी गेला. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. आणि तिथे पोहोचून त्या पोरांनी काय केलं? राहायची इमारत स्वतः बांधायला घेतली. पाच वर्षांनी याच लुएलिननं लिंकनशरच्या किनाऱ्यावर दुसरा तळ टाकला. तिथल्या पोरांनी बांध घालून समुद्राकडून शेतजमीन मिळवली. तो नॉर्थ सी कॅम्प आज प्रौढ पुरुषांचा खुला तुरुंग आहे. १९३६ मध्ये यॉर्कशरमधल्या वेकफील्डजवळ न्यू हॉल कॅम्प निघाला, प्रौढांसाठीचा पहिला. लाकडी बराकी, भोवती रान. हद्द कळावी म्हणून काय होतं? झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे! चुन्याचा पट्टा कोणाला अडवतो? कोणालाच नाही. जो थांबतो तो स्वतः थांबतो, आणि सगळी कल्पना एवढ्यावरच उभी आहे.

मराठी वाचकाला इथे काही आठवलं असेल. त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनियर कल्पना घेऊन आला आणि संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ती उचलून धरली. खुनाची शिक्षा झालेले कैदी उघड्या माळावर शेती करू लागले. तिथल्याच माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, आणि अर्ध्या जगानं तो पाहिला. यॉर्कशरच्या रानात आणि माणदेशाच्या माळावर जवळपास एकाच सुमारास एकच प्रयोग चालला होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता आजच्या इंग्लंडकडे. तिथे असे तुरुंग डझनभराच्या वर आहेत. बरेचसे जुन्या विमानतळांवर किंवा लष्करी छावण्यांच्या जागी. ससेक्समधला फोर्ड हा नौदलाचा विमानतळ होता. लेहिल हे युद्धकाळातलं लष्करी इस्पितळ. तिथल्या कैद्यांनी फुलवलेल्या बागांना लंडनच्या प्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनात पदकं मिळाली आहेत. सफकमधल्या होझली बे इथे तर सफक पंच जातीच्या घोड्यांची नामवंत पागा कित्येक दशकं तुरुंगाच्या आवारात होती आणि कैदी घोडे सांभाळत. बायकांचा पहिला खुला तुरुंग यॉर्कजवळ ॲस्कम ग्रेंज इथे १९४७ मध्ये निघाला. मेरी साइझ ही त्याची पहिली गव्हर्नर.

इथे कैदी कसा पोहोचतो? थेट नाही, बहुतेक वेळा शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यात. जन्मठेपेच्या कैद्याच्या बाबतीत पॅरोल बोर्ड आधी कागद चाळतं. आल्याबरोबरही कोणी फाटक उघडून देत नाही. काही काळ पारख होते, धोक्याचा हिशेब मांडला जातो, ज्याच्यावर अन्याय झाला त्याची बाजू विचारात घेतली जाते. मग पहिल्यांदा काही तासांची सुटी. मग दिवसभराची. मग घरी एक रात्र. आपल्याकडच्या फर्लोशी याचं दुरून नातं आहे, पण उद्देश वेगळा. इथे सुटी हाच अभ्यासक्रम आहे.

कारण जरा विचार करा. एक माणूस पंधरा वर्षं आत आहे. इतकी वर्षं त्यानं एकही दार स्वतः उघडलेलं नाही. दरवाजासमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं उघडायची वाट पाहायची, ही सवय हाडात मुरलेली. तो आत गेला तेव्हा दुकानात लोक नाणी मोजून देत. आता सगळे यंत्राला कार्ड टेकवून निघून जातात. भरधाव गाड्यांचा रस्ता ओलांडताना त्याचे पाय लटपटतात. अशा माणसाला एका सकाळी पिशवी देऊन फाटकाबाहेर सोडलं तर काय होईल? बंद तुरुंगांतून सुटणाऱ्यांच्या बाबतीत जगभर नेमकं हेच चालतं. आणि ते पुन्हा आत आले की आपण म्हणतो, सुधारले नाहीत!

खुल्या तुरुंगात हा धक्का हप्त्याहप्त्यानं दिला जातो. आज फक्त बसनं जाऊन चहा पिऊन ये. पुढच्या आठवड्यात वाचनालयात नाव नोंदव. मग बिनपगारी काम, मग पगारी. पगाराचंही पाहा. आठवड्याला २० पौंडांच्या वर निव्वळ कमाई झाली, की वरच्या रकमेतून ४० टक्क्यांपर्यंत कापून घेता येतात आणि तो पैसा गुन्ह्यांचे बळी ठरलेल्यांच्या मदतीला जातो. कायदा १९९६ चा, अंमल २०११ पासून. टिम्पसन ही दुकानांची साखळी सुटलेल्या कैद्यांना नोकरी देण्यासाठी नावाजलेली आहे. तिचा धंदा काय? बूट दुरुस्त करणं आणि किल्ल्या बनवणं! तिचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ मध्ये ब्रिटनचे तुरुंगमंत्री झाले.

आता तो सगळ्यांच्या ओठावरचा प्रश्न. पळत नाहीत का? पळतात, काही जण. २००३-०४ मध्ये वर्षभरात तेराशेच्या आसपास कैदी खुल्या तुरुंगांतून निघून गेले होते. अलीकडच्या वर्षांत तो आकडा शे-दीडशेच्या घरात किंवा त्याच्याही खाली आला आहे. आणि तात्पुरत्या सुट्या? वर्षाला काही लाख वेळा कैदी असे बाहेर जातात आणि त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक वेळा अटी पाळून परत येतात. पण उरलेल्या एका टक्क्यातला एखादा केवढा गहजब करू शकतो! २०१४ साली स्टँडफर्ड हिलहून सुटीवर गेलेला एक जन्मठेपेचा कैदी परत आला नाही आणि त्यानं दिवसाढवळ्या दरोडा घातला. नियम कडक झाले, हजारो जणांच्या सुट्या आटल्या. सैल व्हायला २०१९ उजाडलं. एकाच्या बेइमानीची किंमत न चुकता परतणाऱ्यांनी मोजली. लोकांचं भय मला खोटं वाटत नाही. पण धोरण आकड्यांवरून ठरावं की मथळ्यांवरून, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि आता आपली निवृत्त शिक्षिका. तिनं फाटकातून आत पाऊल टाकलं आहे. काय बघते ती?

आधी दिसतं तेच. बराकींचं छप्पर गळतं का, न्हाणीघराच्या भिंतींना बुरशी आहे का, पाणी गरम येतं का. युद्धकाळात तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या झोपड्या ऐंशी वर्षांनी कशा असतील? ती स्वयंपाकघरात जाते, ताटात काय पडतं ते पाहते. हे बंद तुरुंगातही असतंच. पण खुल्या तुरुंगात तिची नजर लवकरच भिंतींवरून घसरून कागदांवर येते. कारण इथे छळाचं साधन कोठडी नसतं. इथे माणूस रखडतो!

उदाहरणं पाहा. कैद्याला बाहेर पाठवायला धोक्याचा अहवाल लागतो. तो लिहिणारा कर्मचारी एक, त्याच्याकडची प्रकरणं ढीगभर. अहवाल तीन महिने लांबला म्हणजे सुटी तीन महिने लांबली, म्हणजे नोकरी शोधणं लांबलं, आणि सुटकेची तारीख मात्र जिथल्या तिथे. नोकरी मिळाली, पण पगार जमा करायला बँकेत खातं नाही. खात्याला ओळखपत्र हवं, ओळखपत्राला पत्ता हवा, आणि पत्ता तुरुंगाचा! हे वर्तुळ आपल्या देशात रेशनकार्डासाठी फिरलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. खातं उघडलं तर बस नाही. खुले तुरुंग मुद्दाम आडबाजूला, सागरकिनारी, रानात. पहाटेच्या पाळीला पोहोचायचं तर कसं?

बसचं वेळापत्रक हा तुरुंगाच्या तपासणीचा विषय असू शकतो, हे तुमच्या कधी डोक्यात आलं होतं? माझ्या तर मुळीच नव्हतं. पण कल्पना नीट पाहिली की दुसरं काही असूच शकत नाही. बंद तुरुंगाचं काम आत ठेवणं, म्हणून तिथे आतलं तपासायचं. खुल्या तुरुंगाचं काम बाहेर घालवणं. मग बाहेरची वाट किती मोकळी आहे, तेच तपासायला हवं.

आणखी एक बारकावा सांगतो, तो मला सर्वांत चकित करून गेला. आपल्याला वाटतं की खुल्या तुरुंगातला कैदी बिनधास्त तक्रार करेल. होतं उलट. बंद कोठडीतल्या माणसाकडे गमवायला काय असतं? खुल्या तुरुंगातल्याकडे मात्र सगळं असतं. रविवारचं घरचं जेवण, बाहेरची नोकरी, मुलीची भेट. एक शंका, एक वाईट शेरा, आणि त्याच दिवशी गाडीत बसवून परत बंद तुरुंगात. तिथे जायची भीती कुठल्याही काटेरी तारेपेक्षा उंच असते. म्हणून तो गप्प बसतो. छप्पर गळू दे, दात दुखू दे, अहवाल रखडू दे, तोंड उघडायचं नाही. भिंत नसलेल्या तुरुंगात शांतता आहे म्हणून सगळं ठीक आहे, असं मानणं फसवं आहे ते यामुळे. आणि अधिकाऱ्यांच्या कानाआड बोलायची ती मुभा इथे सोन्याच्या मोलाची ठरते तीही यामुळेच. कैदी अर्ज लिहून मंडळाच्या कुलूपबंद पेटीत टाकतो. ती पेटी मंडळाचे सदस्यच उघडतात. कोणाला परत बंद तुरुंगात धाडलं तर कारण त्याला सांगितलं का, हेही मंडळ विचारू शकतं.

विचारू शकतं, एवढंच. कारण या मंडळाला एक हुकूमही देता येत नाही. ना कोणाची सुटी मंजूर करता येत, ना कोणा अधिकाऱ्याची बदली. मग उपयोग काय? इथे इतिहास अशी काही कलाटणी घेतो की थक्क व्हावं.

पूर्वी त्यांना अधिकार होता! १८९८ च्या कायद्यानं बाहेरच्या नागरिकांची मंडळं तुरुंगांना जोडली गेली तेव्हा त्यांच्याकडे दोन कामं होती. कैद्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि बेशिस्त कैद्यांना शिक्षाही करायची. शिक्षाही साधी नाही, शिक्षेत मिळालेली माफी शेकडो दिवसांनी कापून टाकायची. म्हणजे ज्याच्यापुढे सोमवारी मन मोकळं करायचं, तोच मंगळवारी आपली सुटका वर्षभर लांबवणार. कोण बोलेल? १ एप्रिल १९९० रोजी मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात दंगल पेटली आणि २५ दिवस चालली. कैदी छपरावर चढून बसले आणि देश टीव्हीवर पाहत राहिला. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती वुल्फ यांनी जे सुचवलं त्यात हेही होतं, की या मंडळांकडून शिक्षेचा अधिकार काढून घ्या. १९९२ मध्ये तो गेला. २००३ मध्ये नावही बदललं.

अधिकार काढून घेतला आणि मंडळ बळकट झालं! हे उलटं वाटतं ना? चाळीच्या गॅलरीत सकाळपासून बसलेली आजी आठवा. तिला कोणी पद दिलेलं नसतं, दंड करता येत नाही, पण तिच्या नजरेसमोरून जाताना टवाळ पोरंही चाल सुधारतात, आणि ज्याचं घरात कोणी ऐकत नाही तो तिच्यापाशीच येऊन बोलतो. देखरेख मंडळाची ताकद या जातीची आहे. पाहणं, विचारणं, लिहून ठेवणं. सदस्य पाळीपाळीनं फेरी मारतात, टिपण गव्हर्नरला देतात, दर महिन्याला त्याच्यासमोर बसतात. तुरुंगात गंभीर प्रकार घडला तर मंडळाला कळवावं लागतं आणि सदस्य येऊन नुसता पाहत उभा राहतो. वर्षाअखेर न्यायमंत्र्यांना अहवाल जातो. तो छापला जातो, तुम्हीआम्हीही वाचू शकतो, आणि मंत्र्यांचं त्यावर उत्तर येतं.

ही परंपरा सुरू कोणापासून झाली? एका हौशी माणसापासूनच. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड बेडफर्डशरचा शेरिफ झाला. हे पद मानाचं, मिरवायचं. यानं मात्र खरोखर तुरुंगात जाऊन पाहिलं. तिथे काय दिसलं? निर्दोष सुटलेली माणसंही आत सडत होती, कारण जेलरची फी त्यांना देता येत नव्हती. जेलरला पगार नव्हता, तो कैद्यांकडूनच वसुली करायचा! हॉवर्ड हादरला आणि मग थांबलाच नाही. इंग्लंड आणि युरोपातले तुरुंग तो घोड्यावरून पालथे घालत राहिला. घोड्यावरून का? तुरुंगातली दुर्गंधी कपड्यांत इतकी भिनायची की बंद बग्गीत बसवेना. कोठड्या मोजल्या, पाव तोलला, पाणी पाहिलं आणि १७७७ मध्ये सगळं पुस्तकात छापलं. त्याच्याकडेही हुकूम सोडायचा अधिकार नव्हता. होती ती वही.

त्या वहीची नातवंडं आज मोठ्या कुटुंबात आहेत. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात एक जोड-करार आहे. सही करणाऱ्या देशानं कोंडून ठेवण्याच्या प्रत्येक जागी बाहेरची माणसं नियमित पाठवली पाहिजेत, असं तो सांगतो. ब्रिटननं तो मान्य केला आणि २००९ मध्ये अशा संस्थांची एक साखळी जाहीर केली. देखरेख मंडळं तिचा भाग आहेत. साखळीत मुख्य तुरुंग निरीक्षकाचं तज्ज्ञ पथकही आहे. ते बहुधा न सांगता येतं आणि चार कसोट्या लावतं: सुरक्षितता, सन्मान, उपयुक्त काम आणि सुटकेची तयारी. फरक असा की पथक येऊन जातं, मंडळ तिथेच राहतं. पथकाला त्या दिवशीची बराक दिसते. मंडळाला तीच गळती तीन पावसाळे दिसते.

आणि इथेच दुखणंही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तीन पावसाळे दिसते, तीन अहवालांत लिहिली जाते, आणि चौथ्या पावसाळ्यातही गळते. मंत्र्यांचं उत्तर येतं, निधी येत नाही. सदस्यांची नेमणूक करतो न्यायमंत्री, आणि तुरुंगही त्याच्याच खात्याचे. दिवसा वेळ देऊ शकणारे बहुतेक निवृत्त, त्यामुळे तरुण कैद्यासमोर बसतो तो आजोबांच्या वयाचा माणूस. त्यात तुरुंग ओसंडून वाहायला लागले. २०२३ पासून गर्दी कमी करण्यासाठी काही कैद्यांना झटपट खुल्या तुरुंगांत हलवणं सुरू झालं. काहींच्या हातात शिक्षेचे थोडेच आठवडे उरलेले. थोड्या आठवड्यांत ओळखपत्र, खातं, नोकरी, घर, एवढं कसं व्हायचं? खुला तुरुंग मग नुसतं प्रतीक्षालय होऊन बसतो.

तरी वहीत लिहिलेलं कधीकधी कायद्यात उतरतं. शुक्रवारच्या सुटकेचीच गोष्ट घ्या. शुक्रवारी दुपारी सुटलेला माणूस घराच्या मदतीसाठी कचेरी गाठतो तोवर ती बंद. मग शनिवार, रविवार. खिशात निर्वाहाचे थोडे पौंड. ती रक्कम १९९० च्या दशकापासून २०२१ पर्यंत ४६ पौंडांवर अडकली होती, मग ७६ झाली. दोन रात्री रस्त्यावर, आणि सोमवारी सकाळी तो पुन्हा कुठल्यातरी भानगडीत. तुरुंगांशी संबंधित लोक वर्षानुवर्षं हे सांगत होते. अखेर २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा केला. सुटका शुक्रवारी किंवा सुटीच्या आदल्या दिवशी येत असेल, तर ती एक-दोन कामाचे दिवस अलीकडे आणता येते. आठवड्याच्या एका वारापायी किती संसार बसता बसता उठले असतील!

राहता राहिलं आपलं घर. खुले तुरुंग आपल्याकडेही आहेत. आटपाडीची वसाहत आहे, येरवडा आणि पैठणची खुली कारागृहं आहेत. राजस्थानात सांगानेरला तर १९६० च्या दशकापासून कैदी बायकामुलांसह राहतात आणि कामाला शहरात जातात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांकडून खुल्या तुरुंगांची माहिती मागवली. आणि बाहेरचे डोळे? तेही कागदावर आहेत. १८९४ च्या तुरुंग कायद्यात अभ्यागत नेमण्याची तरतूद आहे, म्हणजे इंग्लंडच्या त्या १८९८ च्या मंडळांच्याही आधीची! त्यात सरकारी अधिकारी येतात तसे साधे नागरिकही, ज्यांना अशासकीय अभ्यागत म्हणतात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अभ्यागतांची नेमणूक करण्याचा विचार करा, असं राज्यांना पुन्हा सांगितलं.

तुमच्या जिल्ह्यात कारागृह असेल तर त्याचे अशासकीय अभ्यागत कोण आहेत, ते शेवटचे कधी आत गेले आणि त्यांनी काय लिहून ठेवलं, हे विचारून पाहा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा स्टँप लागतो.